साठीनंतर बर्फातली बाइक: सकाळचा पहिला तासच दरवेळी का नडतो?

तक्रार दर हिवाळ्यात तीच. डिसेंबर-जानेवारीत ठाण्याहून, नवी मुंबईहून हिमाचलमधल्या किन्नौर-स्पितीकडे बाइक घेऊन गेलेली आपल्या वयाची मंडळी परत येतात आणि सांगतात: बोटं बधिर झाली, क्लच दाबला गेला की नाही तेच कळेना. गाडी सकाळी सुरूच होईना. सावलीतल्या वळणावर मागचं चाक सरकलं. व्हायझर धुरकटला आणि आत चष्मा वेगळाच धुरकटला. मग पुढच्या मोसमासाठी आणखी महागडे हातमोजे घेतले जातात आणि पुढच्या मोसमात पुन्हा तीच रड.

जरा खोदून विचारलं, की या चारही तक्रारी एकाच वेळेच्या निघतात. सकाळी निघाल्यापासूनचा पहिला तास, फार तर दीड तास. दुपारी बाराला बोटं गेली असं सहसा कुणी सांगत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की दोष सामानात शोधण्याआधी घड्याळात शोधावा.

ठाण्यातून कुठंही जायचं तर पहाटे पाचला निघायचं, हे आपल्या हाडीमाशी भिनलंय. घोडबंदरला अवजड गाड्यांची रांग लागायच्या आत गायमुख ओलांडायचं, माजिवड्याचा पूल रिकामा असताना भिवंडी बायपास धरायचा, उजाडता उजाडता माळशेजला चहा. सह्याद्रीत हे शहाणपण आहे. जानेवारीतल्या हिमालयात तेच अंगाशी येतं. तिथं चुकवायला ट्रॅफिकच नाही. असतो तो रात्रभर गोठलेला रस्ता, आणि दरी अरुंद असेल तिथं त्या रस्त्यावर ऊन पडायला दहा वाजून जातात.

तेव्हा पहिला उपाय फुकटातला: दहाच्या आत चाक हलवायचं नाही आणि दुपारी तीन-साडेतीनला मुक्कामाला लागायचं. हातात पाच-साडेपाच तासच उरतात, हे खरं. किन्नौरमधलं रेकाँग पिओ ते स्पितीतलं काझा हे दोनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर उन्हाळ्यात लोक एका दिवसात उरकतात. हिवाळ्यात ते नाको आणि ताबो असे मुक्काम करत तीन दिवसांत करावं. काझा सुमारे ३,६५० मीटरवर आहे, त्यामुळे या संथपणाचा विरळ हवेशी जुळवून घ्यायलाही फायदा होतो. सुट्ट्या संपण्याची घाई आता आपल्याला नाही. ग्रुपमधली तरणी मुलं साडेसहाला निघत असतील तर त्यांना जाऊ द्यावं, जेवायला भेटतीलच.

एवढं करूनही जे उरतं, त्याचं आता एकेक बघू.

बोटं ऐकेनाशी होतात

शून्य अंश तापमानात ताशी ६० किलोमीटरने चाललात, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे नऊसारखी लागते. उणे पाचला ४० च्या वेगाने उणे चौदा. वेग हा थंडीचा गुणक आहे, त्यामुळे ‘जरा रेटून लवकर पोहोचू’ हा विचार सोडायचा. वेग कमी केला की हाताला लागणारी थंडी लगेच कमी होते.

पण बोटं गार पडण्याचं कारण बहुतेक वेळा बोटांत नसतं. छाती-पोटाची ऊब राखण्यासाठी शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. धड गारठलेलं असेल तर हातात कितीही जाड मोजा घाला, तो गार हातच झाकून ठेवतो. मोजा स्वतः ऊब तयार करत नाही. म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी धडावर: अंगाला चिकटून लोकरी थर, वर हलकं डाउन जॅकेट आणि सगळ्यात बाहेर वारा अजिबात न शिरणारं आवरण. गळा बंद हवा. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालण्याची जुनी युक्ती आजही चालते, आणि परतताना त्या कागदाने चूलही पेटते.

वयाचा भाग इथं येतो. साठीनंतर रक्ताभिसरण सावकाश सावरतं, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असते. या गोळ्यांनी हातपाय थंड पडतात, हा त्यांचा माहीत असलेला परिणाम आहे. ठाण्यातल्या उकाड्यात तो कळतही नाही. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण निघण्याआधी डॉक्टरांना ‘उणे दहात बाइक चालवणार आहे’ असं स्पष्ट सांगायचं. नुसतं ‘फिरायला चाललोय’ म्हटलं की तेही हसून ‘या जाऊन’ म्हणतात.

मधुमेह असेल तर आणखी जपावं लागतं. बोटांची संवेदना आधीच कमी असेल तर हिमदंश सुरू झाल्याचं कळतच नाही. उलटंही घडतं: थांबल्यावर सगळे सायलेन्सरला हात लावून शेकतात, तसं आपणही शेकतो, आणि बधिर बोटाला चटका कळत नाही. संध्याकाळी खोलीत मोजा काढल्यावर फोड दिसतो. सायलेन्सरला हात लावायचाच नाही. हात काखेत घालावेत. लागतात पाच मिनिटं, पण भाजत नाही. इन्शुलिन बॅगेत नको, आतल्या खिशात अंगालगत हवं. एकदा गोठलेलं इन्शुलिन नंतर वितळलं तरी वापरायचं नसतं. ग्लुकोमीटरही अंगालगतच, कारण बहुतेक यंत्रं दहा अंशांच्या खाली एरर दाखवतात किंवा भलताच आकडा देतात.

मोज्यांचं सांगायचं तर घट्ट मोजा हा पातळ मोज्यापेक्षा वाईट. आत पातळ लोकरी मोजा घालूनही बोटाच्या टोकाशी थोडी हवा राहिली पाहिजे. म्हणून दुकानात जाताना आतला मोजा बरोबर न्यावा, नाहीतर बाहेरचा हमखास एक माप लहान घेतला जातो. याहून स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे हँडलवर चढवायची ती जाड कापडी कव्हरं. आपल्याकडे कुणी वापरत नाही, दिसायलाही गबाळी दिसतात, पण उत्तरेत थंडीत दूधवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांच्या हँडलला असतात. चंदिगड किंवा शिमल्यात घ्यावीत. एकच अडचण: हात आत गेला की हॉर्न, इंडिकेटर दिसत नाहीत. उभ्या गाडीवर डोळे मिटून सराव करावा. हीटेड ग्रिप, म्हणजे विजेवर तापणाऱ्या मुठी, चांगल्याच, पण त्या तीस-चाळीस वॅट खातात. गाडी लहान असेल, वर जादा दिवेही लावले असतील, तर संध्याकाळपर्यंत बॅटरी रिकामी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळची दुसरी तक्रार तिथून जन्माला येते.

दर थांब्यावर एक चाचणी करायची. मोजा काढून अंगठ्याने करंगळीचं टोक गाठायचं. सहज जमलं तर पुढे. अंगठा अडखळला तर हात पूर्ण सावरेपर्यंत गाडीवर बसायचं नाही. नाकोला एका टपरीवर आमच्यातल्या एकाला हेल्मेटचा पट्टा सुटेना. हनुवटीखाली बोटं नुसती चाचपडत होती, आणि तो स्वतः मात्र ‘मला काही थंडी नाही’ म्हणत होता. चहावाल्याच्या मुलाने पट्टा सोडून दिला. जो हात बकल सोडवू शकत नाही, तो ब्रेक किती मोजून दाबणार?

हे सगळं ठाण्यात तपासता येत नाही, कारण इथं जानेवारीतही स्वेटर नुसता मिरवायला काढतात. त्यासाठी निफाड गाठावं. राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून थंडीच्या लाटेत रोज पेपरात येतं ते निफाड. तिथं द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात. पारा सहा अंशांवर असेल आणि तुम्ही ७० ने चालवाल, तर हाताला शून्याच्या जरा खालचीच थंडी लागते. नाशिकला आदल्या रात्री मुक्काम करून पहाटे तासभर चालवलं, की कोणता मोजा बाद आणि वारा जॅकेटमध्ये कुठून शिरतो ते कळतं. इथं मात्र पहाटेच निघायचं, कारण इथं आपल्याला थंडीच हवी आहे आणि रस्त्यावर बर्फ नाही.

सेल मारला तरी गाडी उठत नाही

पेट्रोल गोठतं, हे आधी डोक्यातून काढून टाका. गोठणं ही डिझेलवाल्यांची डोकेदुखी. आपलं दुखणं बॅटरी आणि ऑइल. साधी लेड-अॅसिड बॅटरी उणे अठराला आपली जवळपास निम्मी ताकद गमावते. त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल इंजिन फिरवायला जास्त ताकद मागतं. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर ठाण्यात ती ठणठणीत वाटते आणि पहिल्याच थंड रात्री दम तोडते. जुनी असेल तर नवी घालूनच निघावं. रात्री बॅटरी काढून खोलीत घेणं सगळ्यात खात्रीचं. त्यासाठी सीट उघडायची चावी आणि दहा नंबरचा पाना खिशात हवा, सामानाच्या तळाशी नको.

ऑइलच्या डब्यावर ‘डब्ल्यू’च्या आधी जो आकडा असतो, तो थंडीतला पातळपणा सांगतो. आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत लवकर वाहतं. २०डब्ल्यू-५० आपल्या हवेला ठीक, पण तिथं ते पहाटे काकवीसारखं होतं. गाडीच्या पुस्तकात थंड हवेसाठी दुसरा ग्रेड दिलेला असतो, तोच भरावा. पुस्तकाबाहेर जाऊ नये.

सकाळी सुरू करताना दिवे बंद, क्लच पूर्ण दाबलेला, सेल पाच सेकंदांहून जास्त नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती. कार्ब्युरेटरवाल्या गाडीला चोक. किक असेल तर सेल मारण्याआधी इग्निशन बंद ठेवून आठ-दहा किका माराव्यात म्हणजे आतलं ऑइल हलतं, पण गुडघा आपला आहे हे विसरू नये. थंडीत क्लच प्लेटी एकमेकींना चिकटतात. गिअर टाकताच गाडी उडी मारते आणि बर्फावर तेवढी उडी आडवं करायला पुरते. त्यामुळे गाडी सुरू करण्याआधी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून पुढेमागे हलवून घ्यावी.

दोन गोष्टी मात्र इथूनच करून न्यायच्या. पहिली म्हणजे लिक्विड कूल्ड गाडीचा कूलंट. आपल्याकडे पातळी उतरली की गॅरेजात नळाचं पाणी ओतून मोकळे होतात, आणि मुंबईच्या हवेत त्याने काही बिघडतही नाही. आमच्या एका मित्राच्या गाडीत असंच अर्धंअधिक पाणी निघालं. नशिबाने ते निघण्याआधी तपासताना लक्षात आलं. पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर फोडतं. जुना कूलंट पूर्ण काढून टाकून, पाणी आणि इथिलिन ग्लायकॉल निम्मं-निम्मं असलेला नवा भरावा. तो उणे पस्तीसच्या आसपासही गोठत नाही. ‘टॉप-अप केलंय’ या शब्दावर विसंबू नका, समोर उभं राहून काढून घ्या.

दुसरी गोष्ट केबलची. आपल्या गाड्या चार महिने पावसात भिजतात. क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबलमध्ये शिरलेलं पाणी इथं कुरकुरतं, तिथं गोठून केबल जाम करतं. दोन्ही केबल वंगण घालून किंवा बदलून न्याव्यात. पार्सलला देण्याआधी गाडी चकाचक धुण्याची हौस असेल, तर धुतल्यावर दोन-चार दिवस उन्हात चालवून मगच द्यावी. रेल्वेला टाकी रिकामी करूनच द्यायची असते, हे ठाऊक असेलच.

मुक्कामाला गाडी चिखलमिश्रित बर्फात लावली तर रात्रीत टायर आणि स्टँड जमिनीला चिकटतात. खाली फळी किंवा सपाट दगड घ्यावा. ओल्या गाडीवर कव्हर घालू नये, सकाळी ते पत्र्यासारखं होऊन सीटला चिकटलेलं असतं.

टायरमधल्या हवेवरून वाद बरेच होतात. ठाण्यात तीस अंशांत भरलेली २८ पीएसआय हवा उणे दहात आकुंचून साडेपाच पीएसआयने उतरायला हवी. पण काझाच्या उंचीवर बाहेरचा हवेचा दाबच तेवढा कमी असतो, त्यामुळे गेज जवळजवळ तेवढाच आकडा दाखवतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडतात. म्हणून सकाळी थंड टायरवर गेज लावून बघावं आणि कंपनीचा आकडा ठेवावा. ‘बर्फ आहे, अर्धी हवा सोडा’ हा सल्ला भुसभुशीत बर्फात थोडा कामाचा असेलही, काचेसारख्या बर्फावर त्याने काही साधत नाही.

सावलीतलं वळण

पांढरा बर्फ दिसतो, तो आपल्याला सावध करतो. पाडतो तो न दिसणारा. दुपारी डोंगरउतारावरचं पाणी रस्त्यावर ओघळतं, रात्री पातळ पारदर्शक थर होऊन गोठतं आणि खालच्या डांबरामुळे काळंच दिसतं. रस्ता नुसता ओला वाटतो. पाऊस नसताना ओला दिसणारा रस्ता म्हणजे बर्फ, असंच धरून चालायचं. जागा ठरलेल्या असतात: उत्तरेकडे तोंड असलेली वळणं, पुलांवरचा पत्रा किंवा काँक्रीट, रस्त्यावरून वाहणारे नाले, बोगद्यांची तोंडं. पुढच्या गाडीच्या चाकांमधून उडणारे तुषार अचानक थांबले, तर तिथून पुढे पाणी गोठलेलं आहे.

आपल्या गाड्यांना एबीएस आहे, यावर फार भिस्त ठेवू नका. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे आणि चांगलंच आहे, पण ते चाक लॉक होऊ देत नाही, पकड निर्माण करत नाही. जिथं पकडच नाही तिथं ते काय वाचवणार?

बर्फाचा पट्टा लहान असेल तर गाडी थांबवून आधी पायी तपासावा. बुटाने घासून बघा. मागे बसलेल्याला उतरवा. दुसरा गिअर, क्लच सोडलेला, अॅक्सिलरेटर एका जागी, नजर पट्ट्याच्या पलीकडे. चाकं बर्फावर असेपर्यंत पुढचा ब्रेक नाही, गिअर बदल नाही, गाडी तिरकी नाही. दोन्ही पाय जमिनीलगत ठेवावेत, पण चालण्याहून जास्त वेग असेल तर पाय टेकवू नयेत. आपल्या वयात गाडीपेक्षा गुडघा आधी पिळवटतो आणि तो पार्टस् मागवून बदलता येत नाही. येऊरच्या पावसाळी शेवाळावर ज्यांनी हळू गाडी चालवलीय, त्यांना हा हात आधीच बसलेला असतो.

मुक्कामाच्या बुखारीतली, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या लाकडाच्या शेगडीतली, गार झालेली राख रोज सकाळी एका पिशवीत भरून घ्यावी. पिशवीभर राख पसरली की चार-सहा मीटरचा पट्टा निघून जातो. बुटांना लावायची खिळ्यांची रबरी जाळी मिळते, तीही घ्यावी. गाडी पडण्यापेक्षा पडलेली गाडी उचलताना स्वतः पडणारे जास्त बघितलेत.

आणि पडलीच, तर एकट्याने उचलायची नाही. दोनशे किलोचं धूड, साडेतीन हजार मीटरची हवा, गारठ्याने आधीच वर गेलेला रक्तदाब. हृदयावर ताण यायला याहून वेगळं काही लागत नाही. इग्निशन बंद करा, रस्त्याच्या कडेला व्हा, मागून येणाऱ्याला हात करा. त्या रस्त्यावर कुणी न थांबता जात नाही.

ताजा बर्फ पडत असेल तर काय, याला माझा एकच निकष आहे. रेकाँग पिओ ते काझा हिमाचलच्या एसटीची, म्हणजे एचआरटीसीची बस हिवाळ्यातही धावते. त्या चालकांना रस्त्याची नस माहीत असते. बस सुटली की तासाभराने तिच्या चाकोरीतून निघायचं. बस सुटली नाही, तर आपणही दुसरा चहा सांगायचा. मनालीकडून अटल बोगदा आणि पुढे कुंझुम घाट असा विचार असेल तर तो हिवाळ्यात सोडूनच द्यावा, कुंझुम बंद असतो.

चष्मा आणि व्हायझर

हे लवकर उरकतं. व्हायझरच्या आत पिनलॉकची दुसरी पातळ काच बसवून घ्यावी, तिच्याइतकं काही चालत नाही. चष्म्यासाठी नाकावरून हेल्मेटच्या खाली श्वास ढकलणारा रबरी पडदा. पट्टी किंवा मफलर नाकावर ओढला की श्वास वर चष्म्यावरच जातो, तेव्हा तो नाकाखाली ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो वा व्हायचं असो, बर्फावरून येणारी तिरीप सोसत नाही. गडद चष्मा नंबरचा करून घ्यावा, पण बोगद्याआधी थांबून साधा लावावा.

अंग उशिरा सांगतं

तरुण माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो. वय झालेल्या शरीरात ते कुडकुडणं उशिरा येतं किंवा कमी येतं. त्यामुळे स्वतःच्या ‘मी ठीक आहे’ यावर विश्वास नको, जोडीदाराच्या डोळ्यांवर ठेवा. बोलणं अडखळतंय, गाडी लावताना तोल जातोय, साध्या प्रश्नाला चिडून उत्तर येतंय: त्या दिवसाची सफर तिथं संपली. तहानही कमी लागते आणि थंडीत लघवी वारंवार होते. मग वारंवार उतरायला नको म्हणून लोक पाणीच पीत नाहीत, त्याने डोकं दुखतं आणि बोटं आणखी गार पडतात. थर्मासमधलं कोमट पाणी दर थांब्यावर प्यायचंच. रात्री खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपायचं नाही. बुखारीचा धूर बाहेर नेणारा पाइप नीट आहे की नाही तेही बघून घ्यावं.

बोट पांढरं, मेणासारखं, टणक झालं असेल तर चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच चोळायचा नाही, शेकायचं नाही. ३७ ते ३९ अंश पाण्यात, म्हणजे न्हाणाऱ्या बाळाला चालेल इतक्या कोमट पाण्यात, अर्धा तास ठेवायचं. पाण्यात कोपर दुसऱ्याने घालून बघावं, आपल्या बधिर हाताचा अंदाज नको. पुढे वाटेत ते पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मात्र आत्ता वितळवू नये, त्याने इजा वाढते. तसंच झाकून आधी पक्क्या मुक्कामाला पोहोचावं. रंग परत आला नाही किंवा फोड आले, तर काझाला सरकारी दवाखाना आहे, रेकाँग पिओला मोठं रुग्णालय आहे. तिकडे जाताना गाडी जिथं आहे तिथंच सोडायची आणि टॅक्सी करायची.